विश्लेषण : पॅड, कापड की कप? निवडण्याआधी आपला दिवस पाहा

वणी परिसरातल्या कष्टकरी बायकांचे वर्ष द्राक्षांच्या वेळापत्रकावर चालते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून गोडी छाटणी, मग विरळणी, डिपिंग आणि जानेवारीपासून काढणी. सुरगाणा, पेठ भागातून आलेल्या मजुरांच्या टोळ्या सकाळीच पिकअपमधून बागेत उतरतात आणि दिवस मावळताना परततात. चैत्रात सप्तशृंगगडावर उत्सव असतो, खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांची रीघ लागते. नवरात्रात पुन्हा तेच. या सगळ्या धावपळीत पाळी दर महिन्याला येतेच.

मेडिकलच्या दुकानात आज पॅड, टॅम्पॉन, कप, कापडी पॅड, पिरियड पँटी असे सगळे मिळू शकते. मोबाइलवर जाहिरातीही दिसतात. मात्र ‘सगळ्यात चांगले कोणते?’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. नाशिकमधल्या ऑफिसात बसून काम करणारीला जे सोयीचे, ते दिवसभर द्राक्षाच्या मांडवाखाली उभे राहणारीला सोयीचे असेलच असे नाही. म्हणून आधी आपला दिवस पाहावा, मग वस्तू निवडावी.

सध्या बायका काय वापरतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते २४ वयाच्या मुलींना आणि महिलांना हा प्रश्न विचारला गेला. देशभरात ६४ टक्के जणींनी पॅड, तर जवळपास ५० टक्के जणींनी कापड वापरत असल्याचे सांगितले. या दोन आकड्यांची बेरीज शंभराच्या वर जाते, कारण अनेक जणी दोन्ही वापरतात. घरी असताना कापड आणि शाळेत किंवा कामावर जाताना पॅड, ही पद्धत आपल्याकडेही ओळखीची आहे. कप वापरणाऱ्या एक टक्काही नव्हत्या.

याच सर्वेक्षणात ‘स्वच्छ साधन’ वापरणाऱ्यांचे प्रमाण ७७ टक्क्यांवर आले. आधीच्या फेरीत ते ५८ टक्क्यांच्या आसपास होते. ही वाढ चांगलीच आहे. पण ही गणना करताना पॅड, स्थानिक पातळीवर बनवलेले नॅपकिन, टॅम्पॉन आणि कप यांनाच स्वच्छ मानले आहे. कापड त्यात धरलेले नाही. म्हणजे उन्हात कडकडीत वाळवलेले सुती कापड वापरणारी बाई या हिशेबात ‘अस्वच्छ’ ठरते आणि एकच पॅड दहा तास न बदलणारी ‘स्वच्छ’. सरकारी आकडेवारीसाठी ही विभागणी सोयीची असेल, पण बाईच्या आरोग्यासाठी ती अपुरी आहे.

कापड खरेच बाद करण्यासारखे आहे का?

नाही. मऊ सुती कापड त्वचेला त्रास देत नाही, त्याला वेगळा खर्च नाही आणि कचराही होत नाही. अनेकींना पॅडच्या प्लॅस्टिकमुळे मांड्यांना घामोळे येते, कातडी सोलवटते. त्यांना कापडच बरे वाटते.

दोष कापडात नसून ते ज्या परिस्थितीत वापरावे लागते तिच्यात आहे. कापड धुवायला पुरेसे पाणी, साबण आणि आडोसा लागतो. वाळवायला ऊन लागते. पण लोकलाजेमुळे ते बाकीच्या कपड्यांखाली, छपराच्या आढ्याला किंवा कोपऱ्यात दडपून वाळवले जाते. सुरगाणा-पेठच्या डोंगराळ भागात जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर ऊन दिसत नाही. तेव्हा दमट कापडच पुन्हा वापरले जाते आणि तिथून खाज, बुरशी, जंतुसंसर्ग सुरू होतो.

कापड वापरायचे तर चार गोष्टी पाळाव्यात. आधी गार पाण्यात भिजवावे, कारण गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का होतो. मग साबणाने स्वच्छ धुवावे. उघड्यावर, थेट उन्हात पूर्ण वाळवावे. ऊन नसेल तर वाळल्यावर गरम इस्त्री फिरवावी. पूर्ण वाळल्यावरच कोरड्या पिशवीत ठेवावे. दर काही महिन्यांनी कापड बदलावे. सिंथेटिक साडीचा तुकडा वापरू नये, तो शोषत नाही. शिवलेले, बटणाचे कापडी पॅड हा याच पद्धतीचा सुधारलेला प्रकार आहे. ते सरकत नाहीत आणि नीट सांभाळले तर दोन-तीन वर्षे टिकतात. धुण्याच्या पुनर्वापराच्या पॅडसाठी भारतीय मानक ब्युरोचे स्वतंत्र मानकही आता आहे.

पॅडचा खर्च किती पडतो?

पॅडची मोठी सोय म्हणजे ते शिकावे लागत नाही. लावले की झाले. पहिल्यांदा पाळी आलेल्या मुलीसाठी, प्रवासात, पाण्याची टंचाई असताना पॅड हाच सोपा पर्याय ठरतो.

आता हिशेब करू. पाच दिवस, दिवसाला चार, म्हणजे महिन्याला २० पॅड. बाजारातले पॅड सहा ते आठ रुपयांना पडले, तर महिन्याचे १२० ते १६० रुपये आणि वर्षाचे साधारण दीड ते दोन हजार रुपये होतात. घरात आई आणि दोन मुली असतील तर तिप्पट. पैसे वाचवायचे म्हणून मग पॅड बदलणेच कमी केले जाते. चारऐवजी दोनवर दिवस काढला जातो. पॅड वापरूनही त्रास होण्याचे हे एक कारण आहे. रक्त कमी जात असले तरी पॅड चार ते सहा तासांनी बदलायलाच हवे.

स्वस्त पॅड मिळवण्याचे मार्ग आहेत. जनऔषधी केंद्रांतून ‘सुविधा’ पॅड २७ ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला एक या दराने मिळू लागले. त्या दराने महिन्याचा खर्च २० रुपयांवर येतो. राज्य सरकारने ८ मार्च २०१८ रोजी ‘अस्मिता’ योजना सुरू केली. तिच्यात जिल्हा परिषद शाळांतल्या किशोरवयीन मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत देण्याचे ठरले आणि विक्रीचे काम बचत गटांकडे सोपवले गेले. जुलै २०१८ मध्ये सॅनिटरी पॅडवरचा १२ टक्के जीएसटीही रद्द झाला. आपल्या भागात स्वस्त पॅड कुठे मिळतात, हे आशाताईंना विचारावे. त्या विचारण्यात काहीच गैर नाही.

सुगंधी पॅड मात्र टाळावेत. वासामुळे स्वच्छता वाढत नाही, उलट काहींना जळजळ होते.

कप कोणाला जमेल, कोणाला नाही?

मेन्स्ट्रुअल कप म्हणजे वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनची छोटी वाटी. ती घडी करून योनीत बसवायची, रक्त तिच्यात साठते, काही तासांनी काढून, ओतून, धुऊन पुन्हा बसवायची. जास्तीत जास्त १२ तास ठेवता येते, रक्तस्राव जास्त असेल तर लवकर रिकामी करावी लागते. साध्या कपची किंमत तीनशे ते पाचशे रुपये धरली आणि तो पाच वर्षे चालला, तर वर्षाला साठ ते शंभर रुपयेच पडतात.

‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात २०१९ मध्ये कपविषयीच्या ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्या अभ्यासांत ३,३१९ महिला आणि मुली होत्या. कपमधून गळती पॅड किंवा टॅम्पॉनइतकीच किंवा कमी होते आणि तो सुरक्षित आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. वापरून पाहिलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के महिला पुढेही तो वापरायला तयार होत्या. हाताळायची सवय व्हायला दोन-तीन महिने लागतात, हेही त्यात दिसले. म्हणून पहिल्या महिन्यात जमले नाही तर हिरमुसून तो फेकून देऊ नये. सुटीच्या दिवशी, घरी, सोबत पॅड लावून सराव करावा.

कप आत हरवतो का? नाही. योनीमार्गाच्या टोकाला गर्भाशयाचे मुख असते, तिथून कप वर जाऊ शकत नाही. काढताना देठ ओढायचा नाही. तळ चिमटीत दाबून आतली हवेची पकड सोडवायची आणि मग हलकेच बाहेर घ्यायचा. लघवीला जाताना तो काढावा लागत नाही.

‘लग्न न झालेल्या मुलीने कप वापरू नये’, असे घराघरांत ऐकू येते. योनीपटल सायकल चालवताना, खेळतानाही ताणले जाऊ शकते आणि काहींना ते जन्मतःच नावापुरते असते. त्यावरून चारित्र्य ठरवणे चुकीचे आहे. मात्र ज्या मुलीला आत काही घालायची भीती वाटते, तिच्यावर कप लादणेही तितकेच चुकीचे.

काही जणींनी डॉक्टरांना विचारूनच कप घ्यावा. ज्यांनी तांबी बसवली आहे त्यांनी तर नक्कीच, कारण कप ओढताना तांबी सरकण्याची शक्यता असते. नुकतेच बाळंतपण किंवा गर्भपात झाला असेल, अंग बाहेर येत असेल किंवा सतत जंतुसंसर्ग होत असेल, तरीही आधी तपासून घ्यावे.

बागेत काम करताना कप चालतो का?

चालतो, पण एका अटीवर. हात स्वच्छ हवेत. गोडी छाटणीनंतर काडीला जी पेस्ट लावतात, ती कातडी भाजण्याइतकी तीव्र असते. पुढे बुरशीनाशकांच्या फवारण्या होतात. त्या पानांतून, घडांतून दिवसभर फिरलेले हात न धुता कप किंवा टॅम्पॉनला लावले, तर औषध थेट नाजूक जागी जाते. हातमोजे काढले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, मगच कपला हात लावायचा. धुण्यासाठी फवारणीच्या टाकीतले किंवा शेततळ्यातले पाणी वापरायचे नाही, प्यायच्या पाण्याची बाटली सोबत ठेवायची.

खरे तर बागेत कप बदलायची वेळच येऊ नये, हा त्याचा मुख्य फायदा आहे. सकाळी घरी बसवला आणि संध्याकाळी घरी काढला, तर मधले आठ-दहा तास निभावतात. जास्त रक्त जाते त्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी सोबत कापड किंवा पॅड लावावे. कप पाळी सुरू होण्याआधी आणि संपल्यावर पाच-दहा मिनिटे उकळावा. त्यासाठी एक वेगळे भांडे ठेवले की घरातल्यांची कुरबुरही राहत नाही.

टॅम्पॉन आणि पिरियड पँटीचे काय?

टॅम्पॉन म्हणजे आत ठेवायचा शोषक बोळा. पोहणाऱ्या किंवा खेळाडू मुलींना तो सोयीचा वाटतो. चार ते आठ तासांत तो काढलाच पाहिजे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत अतिशोषक टॅम्पॉन वापरणाऱ्या महिलांमध्ये ‘टॉक्सिक शॉक सिंड्रोम’ हा दुर्मीळ पण जीवघेणा आजार दिसला, तेव्हापासून ही मर्यादा काटेकोरपणे सांगितली जाते. जिथे वेळेवर बदलण्याची खात्री नाही, तिथे टॅम्पॉन नको. कपबाबतही हा धोका अगदी क्वचित असतो, म्हणून १२ तासांची मर्यादा ओलांडू नये.

पिरियड पँटीच्या आतच शोषक थर शिवलेले असतात. रात्री झोपताना किंवा पाळीच्या शेवटच्या दिवसांत ती बरी. पण किंमत जास्त आणि वाळायला वेळ लागतो. पावसाळ्यात तिची अडचण कापडासारखीच.

मग आपल्यासाठी काय निवडायचे?

स्वतःला पाच प्रश्न विचारा.

- घराबाहेर सलग किती तास असता? आठ तासांहून जास्त आणि बदलायला जागा नाही, तर कपचा विचार करा. तो नको असेल तर जास्त शोषणारे पॅड घ्या आणि मधल्या सुटीत बदलायची सोय आधीच ठरवा.
- पाणी आणि आडोसा आहे का? दोन्ही असतील तर कापड, कापडी पॅड, कप सगळे जमते. टंचाईच्या दिवसांत पॅड बरे.
- ऊन मिळते का? पावसाळ्यात कापडाऐवजी पॅड किंवा कप, उन्हाळ्यात पुन्हा कापड, असा बदल करायला हरकत नाही.
- रक्तस्राव किती आहे? पहिल्या दोन दिवसांसाठी एक आणि उरलेल्या दिवसांसाठी दुसरे साधन वापरता येते.
- हातात किती पैसे आहेत? एकदम चारशे रुपये काढणे कठीण असेल तर जनऔषधीचे पॅड वापरत पैसे बाजूला टाका आणि कप नंतर घ्या.

शाळकरी मुलीसाठी पॅडपासून सुरुवात करणे सोपे. तिच्या दप्तरात दोन पॅड, एक जादा चड्डी आणि कागदी पिशवी कायम असावी. पुढे तिला दुसरे काही वापरून पाहावेसे वाटले तर आईने अडवू नये.

यात्रेसाठी गोळी घेऊन पाळी पुढे ढकलावी का?

गडावर जायचे, घरात पूजा आहे, लग्न आहे म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणल्या जातात. ही संप्रेरकांची औषधे आहेत. रक्तात गुठळी होण्याचा त्रास, यकृताचा आजार किंवा स्तनांचा कर्करोग असणाऱ्यांना ती घातक ठरू शकतात. शेजारणीला चालली म्हणून आपल्याला चालेल असे नसते. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांनी तपासून लिहून दिलेलीच घ्यावी, तीही क्वचित. दर सणाला पाळी ढकलणे हा शरीरावरचा भार आहे. पाळीत दर्शन घ्यायचे की नाही, हे ज्या त्या बाईने ठरवावे. पण घरच्यांच्या दबावाखाली तिने गोळी गिळावी, ही कसली भक्ती?

वापरलेले पॅड कुठे टाकायचे?

ओढ्यात, उसात, बांधावर किंवा संडासाच्या भांड्यात नाही. पॅडमध्ये प्लॅस्टिक असते, ते कुजत नाही. चुलीत जाळले तर विषारी धूर घरातच राहतो. कंपन्यांनी पॅडसोबत ते गुंडाळून टाकण्यासाठी पाकीट द्यावे आणि आपण पॅड गुंडाळून वेगळे द्यावे, असे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत सांगितले होते. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २०१३ मध्ये वापरलेले पॅड थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवून हा प्रश्न पुढे आणला होता. उघडे पॅड हाताने वेचणारी कोणी तरी बाईच असते, हे लक्षात ठेवून कागदात गुंडाळावे, वर लाल खूण करावी आणि घंटागाडीत वेगळे द्यावे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

साधन बदलूनही त्रास थांबत नसेल तर दोष साधनात नसून शरीराकडे लक्ष देण्याची गरज आहे. तास-दोन तासांत पॅड पूर्ण भिजत असेल, पाळी सात-आठ दिवसांहून जास्त चालत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, पांढऱ्या पाण्याला घाण वास येत असेल, ताप किंवा असह्य पोटदुखी असेल, तर थांबू नये. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय असल्याचे याच सर्वेक्षणात दिसले. दर महिन्याला जास्त रक्त जात असेल आणि ‘बायकांना होतेच’ म्हणून ते अंगावर काढले जात असेल, तर धाप, चक्कर, थकवा वाढतच जातो. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

ही निवड खरेच बाईच्या हातात आहे का?

बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण किती मोठे आहे, हे २०१९ मध्ये राज्यासमोर आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी सुमारे ८२ हजार महिलांची पाहणी झाली. त्यात १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे अनेक होती. पण खाडा झाला की पैसे कापले जाणे, फडात शौचालय नसणे, अंगावर काढलेला जंतुसंसर्ग, या गोष्टी पुन्हा पुन्हा समोर आल्या. तिथे पॅडचे पाकीट वाटून प्रश्न सुटला असता असे कोणी म्हणणार नाही.

द्राक्षबागांची स्थिती उसाच्या फडापेक्षा वेगळी आहे आणि म्हणूनच इथे बदल शक्य आहे. युरोपला द्राक्ष पाठवणाऱ्या बागांना ‘ग्लोबल गॅप’ प्रमाणपत्रासाठी मजुरांकरिता स्वच्छ शौचालय आणि हात धुण्याची सोय दाखवावी लागते. ही सोय तपासणीपुरती न ठेवता वर्षभर, प्रत्येक बागेत हवी. दाराला आतून कडी, साबण, पाणी आणि झाकणाचा डबा, एवढेच तर लागते. परदेशातल्या ग्राहकाला घड स्वच्छ हवा म्हणून जी व्यवस्था होते, ती घड काढणारीसाठी का होऊ नये? बागायतदारांनी पुढच्या हंगामाची तयारी करताना हा खर्च औषधांच्या खर्चाशेजारी लिहावा.

सरकारी योजनांनीही पॅडच्या पुढे जायला हवे. केरळमधल्या कुंबळंगी गावात २०२२ मध्ये प्रशिक्षण देऊन महिलांना कप वाटले गेले. आपल्याकडे कपच द्या असा याचा अर्थ नाही. आशाताई आणि बचत गटांच्या बैठकीत कापडी पॅड, पॅड आणि कप तिन्ही समोर ठेवावेत, कसे वापरायचे ते दाखवावे आणि निवड बाईवर सोडावी. ग्रामपंचायतीने बाजारतळावर आणि यात्रेच्या वाटेवर बायकांसाठी पाणी असलेली, कडी लागणारी शौचालये उभारावीत.

तोपर्यंत घरातून सुरुवात करता येईल. कापड दोरीवर उघड्यावर वाळत घालायला कोणाची परवानगी लागू नये आणि पॅड काळ्या पिशवीत लपवून आणायची गरज पडू नये. किराण्याच्या यादीत साबण, तेल लिहितो, तसे पॅडही लिहावे. यादी घेऊन दुकानात वडील किंवा भाऊ गेला तरी चालेल.